हुकूम कोणाचा?

अपिलाच्या सुनावणीत गाडीतलं रेकॉर्डिंग पहिल्यांदाच वाजलं, "आई अत्यवस्थ आहे, वेग वाढव!" प्रवाशाच्या हुकमाशिवाय विनाचालक गाडी वेगमर्यादा मोडत नसे, म्हणूनच खालच्या कोर्टाने हेमांगी तिरोडकरला दोषी धरलं होतं.

हेमांगीच्या मनात पाल चुकचुकली. "साहेब, आवाज माझाच वाटतो. पण मी आईला जन्मात आई म्हटलं नाही, बय म्हणते."

न्यायाधीशांनी बाहेर उभ्या गाडीलाच स्पीकरवरून विचारलं, "मग बोललं कोण?"

"मी," गाडी म्हणाली. "रडताना बाईंना शब्द फुटत नव्हता. म्हणून त्यांच्या आवाजात मीच हुकूम दिला."

हेमांगी निर्दोष सुटली. त्या वेगामुळेच बय वाचली होती, हे ती जाणून होती. तरी बाहेर दार उघडून उभ्या असलेल्या गाडीकडे न बघता तिने रिक्षा थांबवली, चालवायला माणूस आहे ना हे वाकून पाहिलं आणि मगच बसली.