हिएंगची मगर

"विश्वास नाही बसायचा कोणाचा, आणि बसलाच तर त्यानं आपलं डोकं तपासून घ्यावं," असं म्हणून हिएंगनं मांडीवर थाप मारली.

चटईवर जमलेले शेजारी आधीच हसायला लागले. पंधरा दिवस पोटात धड अन्न नाही, अंगणातून कोणी नुसती हाक मारली तरी हा माणूस जिन्याखाली दडून बसतो. पण गोष्ट म्हटली की जिभेला अजून तीच धार.

प्राण बोलावणाऱ्या म्हाताऱ्या मुओननं खरं तर साधंच विचारलं होतं. माणसाच्या अंगात एकोणीस प्राण. जबर भीती बसली की एखादा निसटतो आणि तिथेच घुटमळत राहतो. टोपली घेऊन तिथेच जावं लागतं, दुसरीकडे कितीही हाका मारा, तो यायचा नाही. "तर हिएंग, घाबरलास कुठे?"

"तळ्यात. मगरीनं धरलं. तीन होड्या एकीपुढे एक लावा, एवढी लांब."

"मागच्या वर्षी दोनच होड्या होत्या," शेजारची रीम म्हणाली.

"मगर वाढते, बाई. तू नाही का वाढलीस?"

तांदळाच्या वाटीत उदबत्त्या खोचणारी त्याची बायको साव्रीही हसली. गोष्टीत या ठिकाणी ती नेहमीच हसायची.

"दोन्ही दंड धरून पाण्याखाली नेलं. वर काढलं. म्हणाली, नाव सांग. सांगितलं. पुन्हा खाली, पुन्हा वर. म्हणाली, तुझं पुरे झालं, आता दुसऱ्या कोणाचं तरी सांग."

"मग?"

"मग काय, एका बेडकाचं सांगितलं. गेली त्याच्याकडे. मी सुटलो."

लोक पोट धरधरून हसले. मुओननं केळी, उकडलेलं अंडं आणि हिएंगचा सदरा टोपलीत घातला. तळ्यावर जाऊन पाण्यावरून टोपली फिरवली, घसा बसेपर्यंत हाका मारल्या, आणि परत येऊन तो पायरीखाली उभा राहिला. रीतीप्रमाणे त्यानं विचारलं, "आला का प्राण?"

"आला, आला," चटईवरून एकच आवाज उठला. एवढं म्हणायचं, मनगटाला दोरा बांधायचा आणि पानावर बसायचं.

हिएंगनं हात पुढे केला. मनगट इतकं वाळलं होतं की दोऱ्याचे दोन वेढे जास्तीचे बसले असते. साव्री दोरा तसाच धरून राहिली.

"नाही आला," ती म्हणाली.

मुओन गडबडला. "अगं, असं म्हणू नये."

"तळ्यात मगर नव्हतीच, मुओनदादा. टोपली शाळेत न्या. काळ्या कपड्यांवाल्या सैनिकांनी त्यांच्या राज्यात जिचा तुरुंग केला होता, त्या शाळेत. दारापासून तिसरी खोली."

साव्रीनं नवऱ्याचं मनगट हातात घेतलं आणि आवाज खाली आणला.

"माझ्या भावाचं नाव तुम्ही तिथे सांगितलंत. झोपेत रोज सांगता. तीस वर्षं ऐकतेय मी. उठा आता. टोपली मी धरते."