ठोक्याला एक पाऊल

केकीने डोळे मिटून वरचा सूर लावला आणि नेमकं तेव्हाच स्टेजसमोरचं बांबूचं कुंपण कोसळलं. ड्रमवर बसलेल्या श्रीरंगला उंचावरून सगळं दिसलं. बहात्तर सालच्या त्या रॉक महोत्सवात माळरानावर लांब केसांची, झिंगलेली हजारो पोरं पुढे रेटत होती आणि पिवळ्या कुर्त्यातली एक मुलगी त्यांच्या पायांखाली गेली होती.

त्याने हात थांबवले. 'कॉपर मून' बँडचं सगळ्यात गाजलेलं गाणं मध्येच तुटलं.

"वाजव ना, साल्या! हेच ऐकायला आलेत सगळे!"

"खाली बघ, केकी. पोरगी मरेल."

केकीने वाकून खाली पाहिलं. "मागे व्हा!" तो माइकवर ओरडला, पण शिट्ट्यांपुढे त्याचं काही चालेना. बाटल्या येऊ लागल्या. एक श्रीरंगच्या कपाळावर फुटली. ज्या गर्दीसाठी त्याने घरदार सोडलं होतं, तिची त्याला पहिल्यांदाच भीती वाटली.

त्याने मोठ्या ड्रमवर एक संथ ठोका दिला. मग दुसरा. "ठोक्याला एक पाऊल मागे! गाऊन सांग त्यांना!"

केकी तेवढंच गाऊ लागला. आधी मागची पोरं मजेत मागे सरली, मग मधली, मग पुढची. मोकळ्या झालेल्या जागेतून गर्दीतल्याच दोघांनी मुलीला उचललं.

श्रीरंग वाजवतच होता. कपाळावरचं रक्त डोळ्यांत ओघळल्याने त्याला काही दिसत नव्हतं. अखेर केकीने येऊन त्याची मनगटं धरली.

"पाणी मागतेय ती, रंगा. थांब आता."