कॅप्टनची चादर

टीव्हीवरच्या विनोदी मालिकेतला कॅप्टन अंतराळयानात झोपला, तेव्हा त्याच्या भैरवगढी छापाच्या चादरीवरच्या कोयऱ्यांची टोकं पायाकडे होती. दचकून उठला, तेव्हा डोक्याकडे. फ्रीगंज मोहल्ल्यातल्या अहल्याबाईंनी मालिकेची ही एकेचाळिसावी चूक पकडली आणि पोस्टकार्डावर लिहून मुंबईला मालिकावाल्यांकडे धाडली. या खेपेला चक्क उत्तर आलं: 'बाई, अंतराळात वर-खाली काही नसतं!'

त्यांच्या यजमानांनी, गोपाळरावांनी, ते पत्र टावर चौकात चार मित्रांना वाचून दाखवलं. सगळे पोट धरधरून हसले. घरी येऊन गोपाळरावांनी बजावलं, "अगं, बहुत झालं आता. पुन्हा असलं उत्तर आलं ना, तर केबलची तारच कापून टाकीन!"

"खुशाल कापा," म्हणत अहल्याबाईंनी त्यांच्यासमोरच नवं कार्ड लिहिलं: 'वर-खाली नसतं, तर तुमच्या कॅप्टनचा चहा कुणाला भिऊन कपात बसून राहतो?' आणि पायात चपला सरकवून स्वतः पेटीत टाकून आल्या.

महिना उलटला. पत्र काही आलं नाही. उत्तर आलं ते थेट पडद्यावर: कॅप्टन झाकण लावलेल्या डब्यातून नळीने चहा ओढत होता!

गोपाळराव खुर्ची ओढत पार टीव्हीच्या तोंडाशी गेले आणि तिथूनच ओरडले, "अगं, कार्ड आण आधी! त्याच्या बशीतली शेव बघ, जागची हलत नाहीये लेकाची!"