डॉकची सही

"म्हणजे नर्सच ना?" वेंडल स्ट्राउडने फोनवर तिसऱ्यांदा विचारलं.

"फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर," दवाखान्यातली ग्लेनिस म्हणाली. "तपासते, निदान करते, औषधं लिहून देते. नवीन पेशंट सध्या फक्त तीच घेतेय. डॉक्टरच हवा असेल तर नव्वद मैलांवर जा. तिथे नंबर लागेल जानेवारीत."

ऑगस्ट चालू होता. वेंडलकडे रक्तदाबाच्या गोळ्या उरल्या होत्या अकरा, आणि शाळा उघडणार होती पुढच्या आठवड्यात, सोमवारी. एल्म फोर्कच्या शाळेची पिवळी बस तो बावीस वर्षं चालवत होता. रक्तदाब चढला की बस बंद. बस बंद म्हणजे वेंडलचं सगळंच बंद. बायको गेल्यापासून त्याला रोज नावाने हाक मारणारं त्या बसमधल्या पोरांखेरीज कुणी उरलं नव्हतं.

इतकी वर्षं ही चिंता नव्हती, कारण डॉक हॅस्केल होता. सहा फूट उंच, पांढऱ्या मिशा, आवाज असा की अर्धा आजार दारातच थांबावा. तो जूनमध्ये दवाखाना सोडून लेकीकडे ॲरिझोनाला गेला.

"डॉकच्या खुर्चीत नर्स! वासरात लंगडी गाय शहाणी, दुसरं काय!"

"अरे वेंडल, डॉकसुद्धा..."

"डॉकचं नाव तिच्याबरोबर घेऊ नकोस, ग्लेनिस. मंगळवारची वेळ दे."

अडला हरी गाढवाचे पाय धरी, असं मनाशी म्हणत तो मंगळवारी गेला. मारिबेल ओर्टेगा तिशीतली, पायात पळायचे बूट. तिने त्याला पाच मिनिटं खुर्चीत नुसतं बसवलं. पाय जमिनीवर टेकलेले, तोंड बंद. तोंड बंद ठेवणं वेंडलला फारच जड गेलं. मग तिने रक्तदाब एकदा मोजला, पुन्हा एकदा मोजला. झोप कशी आहे, जेवणात मीठ किती, जेवायला सोबत कोण असतं, सगळं विचारलं.

"एवढ्या चौकशा डॉक्टर करत नाहीत."

"हॅस्केल करायचे ना?"

वेंडल अडखळला, कारण डॉक करायचा. "त्यांची गोष्ट वेगळी. तू डॉक्टरीत नापास झालीस की मधेच कंटाळलीस, पोरी?"

"मला हेच व्हायचं होतं," ती लिहिता लिहिता म्हणाली. "तुम्ही असं काहीतरी विचाराल, हे ते मला सांगून गेलेत. त्यांचे फार लाडके होता तुम्ही."

तिने तीन महिन्यांच्या गोळ्या लिहून दिल्या. मेलेला उंदीर शेपटीने धरावा तसा तो कागद दोन बोटांत धरून वेंडल बाहेर आला.

बाहेर शाळेची दुसरी ड्रायव्हर रोझान टल भेटली. बस चालवायची तर दरवर्षी तब्येत तपासून सहीचं कार्ड खिशात बाळगावं लागतं. तिचं नवंकोरं कार्ड हातात होतं.

"आत्ता सकाळी केलं मारिबेलने," ती खुशीत म्हणाली. "किती सोय झाली, नाही?"

वेंडलच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "तिची सही चालते?"

"न चालायला काय झालं?"

काय झालं ते वेंडलने दोन दिवस अख्ख्या गावाला सांगितलं. कॅफेत सांगितलं, धान्याच्या कोठाराशी सांगितलं, चर्चच्या पायऱ्यांवर सांगितलं. गुरुवारी शाळेच्या मंडळाची सभा होती. तिथे कुणाही नागरिकाला उठून तीन मिनिटं बोलता येतं. वेंडलने अकरा घेतली.

"चाळीस पोरं असतात माझ्यामागे. त्यांचा जीव नर्सच्या सहीवर टांगणार? उद्या न्हाव्याची सही आणली तर तीही घ्याल!"

लोक हसले. मागच्या बाकांवरच्या आयांनी टाळ्या वाजवल्या, आणि मंडळाचे पाचही सभासद आयांना टरकून असत. वेंडलची मागणी सरळ होती. सोमवारपासून ड्रायव्हरच्या कार्डावर डॉक्टरचीच सही हवी.

शाळाप्रमुख बार्टेल ड्रायव्हरांची फाइल चाळत बसला होता. एका पानावर त्याचा हात थांबला.

"वेंडल, नियम झाला तर तो सगळ्यांना लागेल. आधीच्या कार्डांनाही. नीट विचार केलायस?"

"सगळ्यांना लावा! अपवाद कशाला? रोझानला वाईट वाटेल, तर वाटू दे."

"पुन्हा एकदा विचारतो."

"मग पुन्हा एकदा सांगतो. लिहून घ्या, खाली माझं नाव घाला."

पाचही हात वर झाले. रोझानने कार्ड टेबलावर ठेवलं आणि त्याच्याकडे न बघता निघून गेली. तिच्या घरी दोन पोरं होती, पण वेंडलला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. बाहेर पडताना चौघांनी त्याची पाठ थोपटली.

सोमवारी तो गुळगुळीत दाढी करून, बुटांना पॉलिश करून बसच्या शेडवर आला. खिळ्यावर किल्ली नव्हती. बार्टेल बसच्या दाराशी उभा होता, आणि किल्ली त्याच्या मुठीत होती.

"तुझं कार्ड दाखव."

"हे घ्या!" वेंडलने पाकिटातून ऐटीत काढलं. "मे महिन्यातलं. डॉकची सही, अजून नऊ महिने चालेल."

"सही मी पाहिलीय. तिच्याखालची ओळ वाच."

वेंडलने चष्मा चढवला. बावीस वर्षांत त्याने सहीच्या खाली कधी पाहिलंच नव्हतं. तिथे बारीक चौकटींची रांग होती, सही करणारा कोण ते सांगणारी. 'डॉक्टर' लिहिलेली पहिली चौकट कोरी होती. डॉकने आपल्या निळ्या शाईने ठसठशीत खूण केली होती ती शेवटच्या चौकटीत, आणि तिच्यापुढे छापलं होतं : नर्स प्रॅक्टिशनर.