येते हं

गोराईचं भाड्याचं कॉटेज सोडताना सुलक्षणाने केर काढला, भांडी घासून पालथी घातली. लोकांच्या घरात माणसाने माणसासारखं राहावं. बाहेर पडताना ती रिकाम्या घरालाही सांगायची, "येते हं." 'जाते' कसं म्हणायचं?

पण कालपासून आतून कुणी बाई "ये" म्हणत होती. सुलक्षणाच्या नवऱ्याला, दत्तारामला, ते ऐकूच येत नव्हतं.

म्हणून आज तिने तोंडच उघडलं नाही. स्टो विझलाय ना, एवढंच बघायला ती परत आत गेली.

"चल गं, होडी सुटेल!" दत्ताराम अंगणातून ओरडला.

"येते हं!" उंबऱ्याबाहेरून तिच्याच आवाजात कुणी म्हणालं, आणि कडी लागली.

तिने खिडकीचे गज धरले. दत्ताराम बायकोशी हसत-बोलत चालला होता. साडीही तिचीच.

जिवाच्या आकांताने तिने हाक मारली. तोंडातून एकच शब्द फुटला, "ये."