कोरडं फडकं

मारेगावच्या जिनिंगमध्ये छतावरच्या सोलरची वीज लाइनला देणारी तीन इन्व्हर्टर मशीनं होती. त्यातलं पहिलं दिवाळीपासून रोज भर दुपारी बंद पडत होतं. बोंडअळीचं साल. कापूस जेमतेम येत होता, तेव्हा निदान छतावरची वीज तरी नीट विकली जावी, असं मॅनेजर बाबारावांना वाटणं साहजिक होतं. दोषी कोण हेही त्यांनी ठरवून टाकलं होतं. साफसफाई करणारी बिजलीबाई रोज मशीनच्या जाळ्यांवर बसलेली रुई पुसायची. ओल्या फडक्यानं पुसत असणार, पाणी आत गेलं असणार. मेकॅनिकनं तसं लिहून दिलं की उद्यापासून तिला सुट्टी.

मेकॅनिक संघदीप यवतमाळहून आला. बिजलीबाई दाराशी उभी होती. पोटावर पाय येत असूनही ती एवढंच बोलली, "माहं फडकं कोरडंच रायते, भाऊ."

संघदीपनं मीटर लावून मशीन चालू केलं. पडद्यावर तीन लाटा उमटल्या. दोन धडधाकट, तिसरीचा वरचा अर्धा भाग सपाट. म्हणजे आतल्या सहा स्विचांपैकी एक काम करत नव्हता, आणि दुपारी भार वाढला की मशीन बंद पडत होतं. त्यानं मशीन बंद केलं आणि आतला करंट उतरेपर्यंत दहा मिनिटं नुसता बसून राहिला. बाबारावांना ती दहा मिनिटं फार जड गेली.

मग त्यानं मशीनचं दार उघडलं. स्विच ठणठणीत होता, पण त्याला इशारा देणारं कार्ड गंजलं होतं. वरच्या फटीतून कार्डावर एक ओघळ उतरून वाळला होता. ओघळात कुंकू होतं आणि नारळाच्या शेंडीचा एक धागा.

"खंडेनवमीले याच्यावर नारळ कोनं फोडला?" संघदीपनं विचारलं.

पूजा सगळ्याच यंत्रांची झाली होती. पण नारळाचा मान पहिल्या मशीनचा, आणि फोडायचा मान मॅनेजरचा. बिजलीबाईनं त्या दिवशी खोबरं खाल्लं होतं. पण तिनं नाव घेतलं नाही.

संघदीपनं कागदावर कारण लिहिलं, नारळाचं पाणी. नुसतं पाणी लिहा, असं बाबाराव दोनदा म्हणाले. त्यानं काही खोडलं नाही.

नवं कार्ड बसलं. आता मशीन चालू करायचं, तर बाबाराव ऑफिसातून नारळ घेऊन आले. जित्याची खोड. बिजलीबाई मशीनच्या पुढ्यात येऊन उभी राहिली.

"पायरीवर फोडा, सायेब."

बाबारावांनी पायरीवर नारळ फोडला. पाणी उंबऱ्याच्या आत येऊ लागलं, तशी बिजलीबाई खाली बसली आणि तिनं ते टिपून घेतलं. तिचं फडकं पहिल्यांदाच ओलं झालं.