आईच्या वाट्याची वाक्यं

ऑडिशनचा व्हिडिओ संध्याकाळच्या आत पाठवायचा होता आणि आईमुळे एकही टेक धड होत नव्हता. त्यानं भिंतीवर चादर ताणली होती, इस्त्रीच्या टेबलावर पुस्तकांच्या चळतीला मोबाइल टेकवला होता. मोबाइलमागे बसून आईनं फक्त इन्स्पेक्टरची वाक्यं वाचायची होती. आधी तिनं 'इन्स्पेक्टर उठून उभा राहतो' हेसुद्धा ठणठणीत आवाजात वाचून टाकलं. ते सुधारलं, तर आता ती त्याचीही वाक्यं त्याच्याबरोबर पुटपुटायला लागली.

"आई, तू इन्स्पेक्टर आहेस. आरोपी मी आहे."

"बरं बाबा, नाही बोलत."

पुढच्या टेकलाही त्याच्या प्रत्येक शब्दाखाली तिची कुजबुज होतीच.

"तुझ्यापायी हाही रोल जाणार माझा!" त्यानं वैतागून तिला खोलीबाहेर काढलं, दार लावलं आणि समोर इन्स्पेक्टर बसलाय असं धरून एकट्यानंच सुरुवात केली.

सुरुवात झकास झाली. शेवटच्या वाक्याला मात्र, शाळेत अडकायची तशी, त्याची जीभ अडकली.

"मा... मा... मा..."

"माझ्या," दाराआडून हळूच आवाज आला, शाळेतल्या प्रत्येक कवितेला यायचा तसा.

"माझ्या पाठीशी कुणीच नाही, साहेब," तो एका दमात म्हणाला, आणि त्यानं तोच टेक पाठवून दिला.